सुचिताच्या नावावर

"सुचितात नाही ते," सोनल आतून म्हणाली.

शिवदास घरत डिझेलची चिठ्ठी घेऊन ऑफिसच्या खिडकीपाशी उभा होता. चिठ्ठी आत द्यायची, सही झाली की परत घ्यायची, एवढाच त्याचा ऑफिसशी संबंध. बाकी सगळा दिवस यार्डात, कंटेनर उचलायच्या मशीनवर.

"नीट बघ ना यार," समोरच्या टेबलावरून भावेश म्हणाला. "सर्व्हेच्या फोल्डरात जा. तिथं वर्षाप्रमाणे लावलंय सगळं."

"गेले. मागच्या वर्षीचं फोल्डरच नाहीये. सगळी सुचिता पालथी घातली मी."

बोलता बोलता तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. भावेशनेही मान वळवली.

"या ना शिवदासभाऊ," तो म्हणाला. "आम्ही आपलं ते... ड्राइव्हचं बोलत होतो."

"म्हाईत हाय," शिवदास म्हणाला. "सही पायजे व्हती."

सुचिता ही शिवदासची बायको. याच ऑफिसात कारकून होती. गणपती गेले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तीही गेली. आणि सुचिता हेच नाव ऑफिसच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर दिसणाऱ्या त्या सामायिक कप्प्याचंही होतं. सगळी कागदपत्रं, सगळे फोटो त्या कप्प्यात राहत.

हे नाव कोणी मुद्दाम ठेवलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी मुख्य कार्यालयाने सगळ्या यार्डांच्या फायलींसाठी एक मोठा साठा उभा केला. इथले कॉम्प्युटर त्याला जोडायला जो माणूस आला, त्याने विचारलं, कोणाच्या नावाने जोडू? सकाळी सगळ्यांच्या आधी सुचिता यायची, कुलूप तीच उघडायची. मॅनेजर तांडेल म्हणाला, जोड हिच्याच नावाने. तेव्हापासून प्रत्येकाच्या पडद्यावर एक पिवळं चित्र आलं आणि त्याखाली इंग्रजीत तिचं नाव. 'सुचितात टाक', 'सुचितातून घे' असं सगळे बोलू लागले. गाडीवाले ड्रायव्हरसुद्धा खिडकीशी येऊन विचारायचे, "काय मॅडम, आज सुचिता स्लो का?" आणि ती स्वतःच त्यांना उत्तर द्यायची, "वय झालं तिचं."

घरी आल्यावर ती शिवदासला सांगायची, "आज मी दुपारपर्यंत बंद पडलेली. पनवेलवरून मानूस आला तवा चालू झाली."

"घरात कवा बंद पडशील?" शिवदास विचारायचा.

ती गेल्यावर ऑफिसातल्यांनी 'कॉमन ड्राइव्ह' म्हणायचा प्रयत्न केला. पण घाईत जीभ जुन्याच वाटेने जायची. त्यांना वाटायचं, शिवदासला लागत असेल. त्याला तसं लागत नव्हतं. भेंडखळच्या घरात आता तिचं नाव घेणारं कोणी नव्हतं. लोक 'वहिनी', 'ती', 'बिचारी' म्हणायचे. नाव तेवढं इथंच ऐकू यायचं.

मागच्या वर्षीचे फोटो गेले ही गोष्ट मात्र साधी नव्हती. न्हावा शेवा बंदरातून जो कंटेनर यार्डात येतो, त्याचे गेटवरच फोटो काढतात. कुठे दबलाय, कुठे गंजलाय, सील शाबूत आहे का, त्यालाच सर्व्हे म्हणतात. पुढे कोणी म्हणालं की आमचा माल तुम्ही मोडला, तर हे फोटो दाखवायचे. आता एक पार्टी तसंच म्हणत होती आणि दाखवायला काही नव्हतं. मुख्य कार्यालयातून दिवसभर फोन येत राहिले. संध्याकाळी त्यांनी सांगितलं, ज्याने पुसलं त्याचं नाव द्या.

*

दोन दिवसांनी पनवेलहून काशिफा आली. ती कॉम्प्युटरचं काम बघायची. मूळची मुरूडची, तिशीतली, स्कूटरवर येणारी. तिने तास-दीड तास काम केलं आणि मग तांडेलने शिवदासला मशीनवरून बोलावून घेतलं.

सुजित तांडेल आणि शिवदास यांनी यार्डात एकाच वर्षी काम धरलं होतं. सुजित करंजाच्या कोळ्यांतला. आधी कंटेनर मोजायला उभा राहायचा, मग सुपरवायझर झाला, मग मॅनेजर. चारचौघांत शिवदास त्याला साहेब म्हणायचा. दोघंच असले की नाही.

"बस शिवा," तांडेल म्हणाला. "दुसऱ्या कोनाकडून कलन्यापेक्षा मी सांगतो. वहिनीचं नाव निघालंय."

"कशात?"

"फोटो पुसले त्यात."

शिवदास बसला नाही. हातातले मोजे त्याने काढले आणि पुन्हा घातले.

"एक मिनिट सर," काशिफा म्हणाली. "मी असं नाही बोलले. काका, मी सांगते तुम्हाला. साठ्यावर नोंद राहते, कोणी काय केलं त्याची. याच वर्षीच्या मे महिन्यात, दुपारी, ते फोल्डर डिलीट झालंय. नाव सुचिता आहे. पण इथून जे काही होतं, ते सगळं सुचिताच्याच नावाने होतं. भावेशने केलं तरी सुचिता, सोनलने केलं तरी सुचिता."

"कसं काय?" शिवदासने विचारलं. "भावेश बसतो तवा त्याचं नाव टाकून बसतो. मी बघतो ना."

"मशीनवर बसतो आपल्या नावाने. बरोबर. पण मशीनच्या मागून साठ्याकडे जो रस्ता जातो ना, त्याच्या गेटवर एकच पास लावलाय. सुचितामॅडमचा. रोज सकाळी मशीन चालू झालं की ते आपलं आपण तो पास दाखवतं, गेट उघडतं, आणि मग दिवसभर त्या एका पासवर सगळे आत-बाहेर."

"एका पासवर सगली गाडी आत," शिवदास म्हणाला. यार्डाच्या गेटवर असं केलं तर वॉचमनची नोकरी जाते.

"तेच. जोडणाऱ्याने आळस केला. प्रत्येकाचा रस्ता वेगळा करायला पाहिजे होता. एकाच्या बसण्यातून दुसऱ्याच्या नावावर काही जाता कामा नये. मी करून देते आता, इन्शाअल्ला मंगळवारपर्यंत. पण मागचं कोणी केलं, ते मशीन नाही सांगू शकत."

"बॅकअप?" तांडेलने विचारलं.

"काही महिन्यांचाच ठेवतात सर. मे कधीच उडाला."

शिवदास दारापर्यंत गेला आणि थांबला. "रोज सकाली दाखवतं? तिचा पास? अजून?"

काशिफाने तांडेलकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो काका. नाव फक्त. नाव जातं."

"हां," शिवदास म्हणाला.

*

तांडेल त्याच्या मागोमाग आला. दोघं गेटबाहेरच्या टपरीवर गेले. रस्त्यावर ट्रेलरची रांग लागली होती आणि धुळीने चहावाल्याचा काचेचा डबा पांढरा झाला होता.

"ऐक शिवा. मी वरती फोनवर सांगून टाकलंय."

"काय सांगितलंस?"

"का मयत कर्मचाऱ्याकडून चुकून झालं. लेखी सोमवारी द्यायचंय."

"ती पोरगी आताच बोलली ना, कोनी केलं ते समजत नाय म्हनून."

"वरती तसं चालत नाय. त्यांना नाव लागतं. मग मी कोनाचं देऊ? भावेशचं? त्याच्या घरात तो एकटा कमावतो. सोनलचं? तिचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमदी संपतंय, एक बोट दाखवलं तं गेली ती. वहिनीला आता कोन मेमो देनार हाय?"

शिवदासने चहाचा घोट घेतला. सुजित वाईट माणूस नव्हता. सुचिताच्या आजारपणात त्याने तिला पाहिजे तेव्हा येऊ दिलं, पाहिजे तेव्हा जाऊ दिलं. खारघरच्या हॉस्पिटलात रक्त द्यायला स्वतः आला होता.

"त्या दिवशी ती कामावर व्हती?" शिवदासने विचारलं.

"व्हती. मी हजेरीचा अंगठा बघितला तिचा. हॉस्पिटलाच्या दोन खेपांच्या मदला दिवस. आली व्हती."

"तवा तिला जिना चढवत नव्हता. पन काम चुकलं नाय तिचं."

"मी कुठं बोलतो चुकलं? चुकून झालं, असं बोलतो. आजारी मानसाकडून व्हतं. कोन नावं ठेवनार हाय?"

"तू ठेवलंस की," शिवदास म्हणाला.

तांडेलने ग्लास खाली ठेवला. "तुजी नाय ना हरकत? तू नाय म्हनलास तं मी अडकतो."

"बघतो," शिवदास म्हणाला आणि मशीनवर गेला.

त्या दिवशी त्याने नेहमीइतकेच कंटेनर उचलले. वर कॅबिनमध्ये बसलं की खालचं जग लहान होतं. फक्त लोखंडाचा डबा, त्याचे चार कोपरे आणि रेडिओवर येणारा आवाज. 'लाल काढ, मागचा ठेव, वरचा काढ.' तेवढं ऐकायचं आणि तेवढं करायचं. विचार करायला जागा नसते. तरीही त्याच्या मनात आलं, सोमवारी कागद जाईल. त्यावर सुचिता शिवदास घरत असं लिहिलेलं असेल आणि पुढे तिने काय बिघडवलं ते. इतकी वर्षं ती इथं आली, त्यातलं मागे कागदावर राहील ते एवढंच. घराच्या जप्तीची नोटीस आली असती तरी त्याला इतका राग आला नसता. पण राग कोणावर करायचा ते सापडत नव्हतं.

*

रविवारी दुपारी सोनल घरी आली. हातात वालाच्या शेंगांची पिशवी होती.

"खोपट्याच्या आहेत काका, आमच्या शेतातल्या. पोपटीला चांगल्या."

"एकट्यासाठी काय पोपटीचं मडकं लावायचं," शिवदास म्हणाला. "ये, बस. आनल्यास तं बरं केलंस. शिजवीन."

त्याने चहा टाकला. साखर जास्त पडली हे त्याला कळलं, पण आता इलाज नव्हता. सोनलने एक घोट घेतला आणि बशी मांडीवर धरून बसून राहिली. भिंतीवरच्या सुचिताच्या फोटोकडे तिने पाहिलंच नाही.

"काका, मी काढलं ते," ती म्हणाली.

"काय?"

"मागच्या वर्षीचं फोल्डर. सुचितातलं. मॅडमनी नाही काढलं."

शिवदास तिच्यासमोरच्या पाटावर बसला. "सांग."

"मी नवीन होते. महिना झाला असेल. साहेबांचा फोन आला यार्डातून, मागे मशीनचा आवाज. म्हणाले, सोनल, सुचितातलं मागच्या वर्षीचं सर्व्हेचं सगळं काढ, संध्याकाळच्या आत. मी काढलं."

"असंच बोलले? काढ?"

"असंच. मला अजून आठवतंय. त्या दिवसांत रोज मेसेज येत होता ना, जागा भरली, जागा भरली. मला वाटलं म्हणूनच सांगतायत. तरी मी मॅडमना विचारलं. त्या समोरच बसलेल्या, स्वेटर घालून, मे महिन्यात. मी म्हटलं, मॅडम, साहेब मागच्या वर्षीचं काढ म्हणतायत, काढू का? त्या म्हणाल्या, साहेब म्हणतात तर काढ बाई, विचारतेस काय."

शिवदास तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. सोनलला वाटलं, आता हे रडतील. पण तो हसत होता, आवाज न करता.

"काका?"

"अगं पोरी, काढ म्हंजी भायेर काढ. आमी दिवसभर काढतो. लाल काढ, निला काढ. मी काय कंटेनर पुसून टाकतो काय? भायेर काढून समोर ठेवतो."

सोनलचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे साहेबांना ते फोटो पाहिजे होते?"

"पायजे असतील. सुजित यार्डातला मानूस. तो मॅनेजर झाला तरी बोलतो यार्डाचंच."

"आमच्या क्लासमध्ये काढ म्हणजे डिलीटच हो. ही ओळ काढ, तो फोटो काढ." तिने बशी खाली ठेवली. "आणि मॅडम?"

शिवदासने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. सुचिता त्याच्याबरोबर इतकी वर्षं राहिली होती. घरात तो म्हणायचा, ताटं काढ, आणि ती ताटं मांडायची. त्या दुपारी थंडी वाजत असताना तिने मान वर न करता म्हटलं असेल, काढ बाई. तिच्या डोक्यात कुठलं काढ होतं, ते आता तिलाच ठाऊक.

"तिला वाटलं असंल, काढून ठेवायचं हाय," तो म्हणाला. "का तिनी नीट आयकलंच नसंल. तवा तिला आयकायचं पन तरास व्हायचा."

"मी आधीच बोलायला पाहिजे होतं. भीती वाटली. आणि ते मॅडमच्या नावावर निघालं तेव्हा..." सोनल थांबली. "मला सुटल्यासारखं झालं काका. खरं सांगते. मग घरी गेले आणि जेवण जाईना."

"चहा पी," शिवदास म्हणाला. "गोड झालाय. पन पी."

जाताना तिने चपला घातल्या आणि दारात उभी राहून विचारलं, "तुम्ही सांगणार?"

"मी सुजितशी बोलनार हाय. तू बी ये. कोनी कोनाला खानार नाय."

*

सोमवारी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी शिवदास तांडेलला यार्डातच गाठून उभा राहिला. सोनल जरा मागे, ओढणीचं टोक धरून. शिवदासने सगळं सांगितलं, सुचिता काय म्हणाली तेही. ते वगळता आलं असतं. वगळलं नाही.

"मी असं अर्धवट बोलनारच नाय," तांडेल म्हणाला. "पुसायला कशाला सांगीन? ऑडिटवाले येनार व्हते, त्यांना दाखवायला..."

तेवढ्यात त्याच्या कमरेचा रेडिओ खरखरला. कोणीतरी विचारत होतं, गाडी लागलीय, कुठला देऊ. तांडेलने रेडिओ तोंडाशी धरला. "चौथ्या लायनीतला निला काढ," तो म्हणाला आणि बटन सोडलं.

मग तो तसाच उभा राहिला, रेडिओ हातात धरून. शिवदासने चौथ्या लायनीकडे पाहिलं. सोनल तर जमिनीकडेच बघत होती.

"आयला," तांडेल हळूच म्हणाला.

"ऑडिटवाले आले व्हते मग?" शिवदासने विचारलं.

"कुठं आले. त्यांचंच रद्द झालं. म्हनून मी परत इचारलं नाय." त्याने सोनलकडे पाहिलं. "तू तरी इचारायचं ना मना."

"मी मॅडमना विचारलं सर."

"व्हय. तेही खरं." तांडेलने टोपी काढून डोकं खाजवलं. "आता काय करायचं शिवा? माझं नाव देऊ?"

"कोनाचंच नको देऊ. जसं झालं तसं लिही. तू फोनवर काढ बोललास, पोरीला वाटलं पुसायचं, तिनी सुचिताला इचारलं, सुचिता व्हय बोलली. नि एका पासवर सगली गाडी आत जात व्हती, तेही लिही."

"एवढं लांबड वरती कोन वाचनार?"

"नाय वाचलं तरी चालंल. पन तिनी केलं, असं नको लिहू."

ऑफिसात जाऊन तांडेलने मुख्य कार्यालयाला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तिकडच्या साहेबांनी अर्धं ऐकलं आणि मध्येच थांबवलं.

"तांडेल, ते मी शुक्रवारीच क्लोज केलं. लेट एम्प्लॉयी, मिस्टेक, बस. पार्टीचं इन्शुरन्सवाले बघतायत. आता परत उघडलं तर दहा जणांना उत्तरं द्यावी लागतील. कशाला अंगावर घेता?"

"पण सर, तिने नाही केलं."

"अरे मॅडम तर गेल्या ना? मग त्यांना काय फरक पडतो? फॅमिलीचं काही म्हणणं आहे का?"

तांडेलने शिवदासकडे पाहिलं. "आहे सर. फॅमिली इथंच बसलीय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नमस्कार," मग तो माणूस म्हणाला. आवाज बदलला होता. "सॉरी हं. मला माहीत नव्हतं. तुम्ही असं करा, लेखी पाठवा. मी बघतो काय करता येतं."

"नमस्कार," शिवदास म्हणाला. "पाठवतो."

लेखी लिहायला दुपार गेली. तांडेल एका बोटाने टाइप करायचा. शेवटी सोनलने खुर्ची घेतली आणि तो सांगत गेला. 'माझ्या सूचनेचा चुकीचा अर्थ घेतला गेला,' असं त्याने सांगितलं, तिने ते टाइप केलं आणि मोठ्याने वाचलं.

"चुकीचा नाय," खिडकीतून शिवदास म्हणाला. "दोन अर्थ व्हते. दोन लिही."

"शिवा, तू मशीनवर जा."

"दोन लिही, मग जातो."

सोनलने दोन लिहिले.

*

मंगळवारी काशिफा आली आणि तिने प्रत्येकाचा रस्ता वेगळा केला. ज्याने त्याने आपलं नाव टाकून बसायचं. तो बसला की त्याच्याच नावाने साठ्याचं गेट उघडणार आणि तो उठला की बंद होणार. त्याच मशीनवर दुसरा येऊन बसला तर त्याला स्वतःचा पास दाखवावा लागणार, आधीच्याच्या पासवर आत जाता येणार नाही. कोणाची फाइल कोणी पुसायची, तेही ठरवून दिलं.

"म्हणजे आता आपली पापं आपल्याच नावावर?" भावेशने विचारलं.

"हो. पुण्य पण."

"पुण्याचं काय, ते साहेब आपल्या नावावर घेतात." मग त्याने तांडेल आहे का ते मागे वळून पाहिलं.

काशिफाने त्याला सोनलची एक फाइल पुसून बघायला सांगितली. मशीनने नकार दिला. भावेशने पुन्हा केलं, पुन्हा नकार. "सोनल, तुझं माझं आता तुटलं बघ," तो म्हणाला. सोनल हसली, पण त्या दिवशी कुठलंही बटन दाबायच्या आधी ती बोट वर धरून थांबायची आणि पडद्यावरचं सगळं ओठांतल्या ओठांत वाचायची. तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं तांडेलने पुढे पाठवलं होतं. त्याचं काय होणार ते मार्चशिवाय कळणार नव्हतं.

पिवळ्या चित्राखाली आता 'कॉमन' असं आलं.

शिवदास डिझेलच्या चिठ्ठीसाठी आला तेव्हा काशिफा सामान आवरत होती. त्याला बघून ती खिडकीशी आली.

"काका, झालं. आज सकाळपासून मॅडमचा पास नाही लागला."

"बरं."

"जुन्या फायलींवर नाव आहे त्यांचं. ते मी ठेवलंय. कुठली त्यांनी केली नि कुठली दुसऱ्याने, ते आता वेगळं करता येत नाही."

"ऱ्हाऊ दे. तिनी बी पुष्कल केल्या असतील."

"पुष्कळ केल्या," काशिफा म्हणाली. "सकाळी सकाळीच्या ज्या आहेत ना, बाकी कोणी यायच्या आधीच्या, त्या तर त्यांच्याच."

शिवदासने मान हलवली. त्याला काही विचारायचं होतं, पण काय ते त्यालाच समजलं नाही.

शेजारी माणगावचा एक ट्रेलरवाला आपला कागद पुढे सरकवत होता. "भावेशशेठ, जरा सुचितात बघा ना, आमचं आलंय का."

"आता कॉमन म्हणायचं," भावेश म्हणाला.

"नाव बदललं व्हय? का बरं?"

भावेशने सोनलकडे पाहिलं, सोनलने काशिफाकडे.

"रिटायर झाली ती," शिवदास म्हणाला.

"बरं झालं," ट्रेलरवाला म्हणाला. "लय राबवली तिला तुमी लोकांनी."

"व्हय," शिवदास म्हणाला. सही झालेली चिठ्ठी त्याने खिशात घातली आणि तो डिझेलच्या टाकीकडे गेला.

तांडेलचं पत्र मुख्य कार्यालयात पोचल्याची पावती आली. त्यानंतर काही आलं नाही. तांडेलने आठवण करून दिली, तेव्हा ते साहेब बदलीवर गेल्याचं कळलं. नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं आणि ते म्हणाले, बघतो. शिवदास अधूनमधून खिडकीशी विचारतो, तांडेल मान हलवतो. मुख्य कार्यालयाच्या नोंदीत मागच्या वर्षीचे फोटो सुचिता शिवदास घरत यांनी पुसले, असंच अजून लिहिलेलं आहे. ते दुरुस्त व्हायचं राहिलं आहे.